बंब कोणाच्या हद्दीतला?

मराठीत आग विझवणाऱ्या गाडीला ‘बंब’ म्हणतात आणि न्हाणीघरात पाणी तापवणाऱ्या तांब्याच्या भांड्यालाही ‘बंब’च म्हणतात. शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’वरून आलेला, मूळ अर्थ पाणी उपसण्याचे यंत्र. एक बंब पोटात विस्तव ठेवून पाणी तापवतो, दुसरा पोटात पाणी घेऊन विस्तवाकडे धावतो. भाषेने दोघांना एकच नाव दिले. पण पहिला बंब प्रत्येकाच्या मालकीचा होता. दुसरा कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न महाराष्ट्रातील लहान गावांनी गेल्या दीडशे वर्षांत पुन्हापुन्हा विचारला आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर त्यांना क्वचितच मिळाले आहे.

या प्रश्नासाठी घोडेगाव हे उदाहरण मुद्दाम निवडले आहे. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्याचे हे मुख्य ठिकाण. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले; नाव उरले, गाव नाही. कचेरी मात्र इंग्रजी अमदानीच्या आरंभापासून घोड नदीकाठच्या घोडेगावातच होती. जुन्या कागदपत्रांत ‘घोडे’ एवढाच उल्लेख येतो. खेड तालुक्याचा हा पेटा, त्यावर महालकरी, त्याच्याजवळ खजिना. १८३९ साली कोळ्यांच्या उठावात सुमारे दीडशे जणांनी या ठाण्याला रात्रभर वेढा घातला. साहाय्यक कलेक्टर रोझ आणि महालकरी यांनी शिपाई व गावकरी जमवून खजिना वाचवला, अशी नोंद जिल्ह्याच्या गॅझेटिअरात आहे. सरकारला घोडेगावात काय वाचवायचे होते, ते या नोंदीवरून उघड होते. घरे, गंज्या, गोठे हे ज्याचे त्याने सांभाळायचे.

इंग्रजांच्या आधी काय होते? आगीविषयीची राजाज्ञा म्हणून आपल्याकडे एक कागद आहे आणि तो जितका वाचला जायला हवा तितका त्या दृष्टीने वाचला गेलेला नाही. चिपळूणजवळ हलवर्ण येथे छावणीला असलेल्या घोडदळाच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात लिहिलेले ते पत्र. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, हा त्यातील भाग सर्वांना ठाऊक आहे. पाठ्यपुस्तकांनी तो अजरामर केला. पण त्याच पत्रात आगीविषयी जे आहे ते एखाद्या अनुभवी अग्निशमन अधिकाऱ्याने लिहावे असे आहे. कोणी स्वयंपाक करील, कोणी जागा न पाहता चूल मांडील, कोणी तंबाखू ओढायला विस्तव नेईल, वारा लागेल, एका खोपटाला आग लागली की गवताच्या साऱ्या गंज्या आणि लहाण जळून जाईल. रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर जळती वात ओढून नेईल. आणि मग पुढचे महत्त्वाचे वाक्य, ज्याचा आशय असा की, एकदा जळून गेल्यावर कुणब्यांच्या माना मारल्या किंवा कारकुनांना ताकीद दिली तरी पावसाळ्यात घोड्यांसाठी गवत आणि निवारा मिळायचा नाही.

हे पत्र शिक्षेची धमकी देण्यापेक्षा शिक्षेची निरर्थकता सांगते, ही त्यातील खरी नवलाची गोष्ट आहे. आग हा गुन्हा नव्हे, आग हा निष्काळजीपणाचा हिशेब आहे, आणि हिशेब आधी ठेवायचा असतो. विझवण्याविषयी त्यात अवाक्षर नाही, कारण विझवण्याचे साधनच नव्हते. गवताच्या छावणीला आग लागल्यावर फक्त पाहता येते. परंतु जबाबदारी कोणाची, हे त्यात नावानिशी नसले तरी हुद्द्यानिशी लिहिले आहे. अधिकाऱ्यांनी स्वतः फेरी मारायची. पुढील तीनशे वर्षांच्या कायद्यांत इतकी स्पष्टता शोधूनही सापडत नाही.

पेशवाईतील पुण्यात पाणी होते. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून नळ आणून शहरात हौद बांधले. हौदाचे पाणी पिण्याचे, पण आगीच्या वेळी तेच उपयोगी. तरीही १८२८ च्या फेब्रुवारीअखेरीस शनिवारवाडा पेटला तेव्हा आग अनेक दिवस धुमसत राहिली आणि ज्या वाड्यात हजारी कारंजे होते त्याचा दगडी तळ आणि तट तेवढे शिल्लक राहिले. पाणी असणे आणि पाणी उंचावर फेकता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सागवानी मजले एकावर एक चढवणाऱ्या शहराने फेकण्याच्या साधनाचा विचार केला नव्हता.

इंग्रजी राज्याला आगीची भीती वाटत होती, पण वेगळ्या कारणाने. १२ मे १८७५ रोजी सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा झाला आणि कर्जरोख्यांच्या होळ्या पेटल्या. त्यानंतर चारच वर्षांनी, १३ मे १८७९ रोजी, पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा एकाच रात्री पेटले. वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड चालू होते, त्यामुळे सरकारचा पहिला संशय तिकडे वळला. कागद जळतो, दप्तर जळते, कचेरी जळते ही सरकारच्या मते मुख्य आग होती. साहजिकच आग ही पोलिसांची बाब झाली. मुंबईतही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून काही दशके आग विझवण्याचे काम पोलिसांकडे जोडकाम म्हणून होते. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटातील मोठी वस्ती जळाल्याचा अनुभव पदरी असूनही ते तसेच राहिले. १८८८ च्या महानगरपालिका कायद्याने ते पालिकेचे बंधनकारक काम ठरले आणि लंडनच्या धर्तीवर पगारी, पूर्णवेळ दल उभे राहिले. मुंबईला हे जमले, कारण तिथे कापूस होता, गोदामे होती, विमा कंपन्या होत्या. ज्याच्या मालाला विमा आहे, त्याच्या आगीला बंब लवकर मिळतो. हे जगभर झाले आहे.

दुसरीकडे डोंगरात जंगलखाते आले. आंबेगावच्या पश्चिम भागात, भीमाशंकरच्या अंगाला, महादेव कोळी आणि ठाकर शेतकरी भाताच्या रोपासाठी ‘राब’ भाजत. झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा, शेण, माती यांचे थर देऊन उन्हाळ्याअखेर जमीन जाळायची आणि पहिल्या पावसाबरोबर तिथे बी फेकायचे. जंगलखात्याला राब हा जंगलाचा नाश वाटे. शेतकऱ्याला जंगलाची बंदी हा भाताचा नाश वाटे. या वादाने मुंबई इलाख्यात इतके पेट घेतले की १८८५ च्या सुमारास सरकारला जंगल कमिशन नेमावे लागले. वादाचा निकाल काय लागला हा वेगळा विषय. येथे सांगायचे ते इतकेच, की आंबेगाव तालुक्यात आगीवर देखरेख करणारे पहिले पगारी खाते हे जंगलखाते होय. पुढे १९२७ च्या भारतीय वन कायद्याने राखीव जंगलात विस्तव पेटवणे हा गुन्हा केला आणि कलम ७९ ने जंगलात हक्क असणाऱ्या प्रत्येकावर वणवा विझवण्यास मदत करण्याची सक्ती घातली. जो चराईचा किंवा लाकूडफाट्याचा हक्क भोगतो, त्याने फांदी घेऊन धावले पाहिजे. आजही उन्हाळ्यापूर्वी वनरक्षक जाळरेषा काढतात, म्हणजे वाळके गवत पट्ट्यापट्ट्याने आधीच जाळून टाकतात. डोंगराला लागलेली आग ओल्या फांद्यांनी झोडपून विझवण्याचे तंत्र तेच आहे.

म्हणजे एकोणिसावे शतक संपताना चित्र असे झाले : जाळपोळ झाली तर पोलीस, जंगल पेटले तर जंगलखाते, शहर पेटले तर नगरपालिका. गावातल्या घराला आग लागली तर कोण, हे कोणीही लिहून ठेवले नव्हते. ते गृहीत होते. पाटील दवंडी देई, माणसे विहिरीपासून रांग लावीत, घागरी हातोहात जात, आणि शेजारचे छप्पर ओढून पाडले जाई. हे शेवटचे काम सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत भांडणाचे. कोणाचे छप्पर पाडायचे, हे ठरवण्याइतका अधिकार ज्या गावच्या पाटलात होता, ती गावे वाचत.

स्वातंत्र्यानंतर ही विभागणी मोडता आली असती. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट होऊन अग्निशमन दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. त्याच दिवसापासून दरवर्षी देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. १९५० च्या दशकात केंद्राने अग्निशमनासाठी स्थायी सल्लागार समिती नेमली, नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आले. राज्याचे प्रशिक्षण केंद्र सांताक्रूझला आहे. तिथे सहा महिन्यांचा अग्निशामक पाठ्यक्रम करून तरुण गावोगावच्या नगरपालिकांत रुजू होतात. शिक्षण एकसारखे झाले. सेवा मात्र एक झाली नाही, ती पालिकेपालिकेत वाटलेली राहिली. १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने आग विझवणे हे बंधनकारक कर्तव्य ठरवले. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांच्या विषयांत, ‘अग्निशमन सेवा’ सातव्या क्रमांकावर घातली. त्याच सुमारास ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावी अनुसूची केली. तिच्यात २९ विषय आहेत : कुक्कुटपालन आहे, मासेमारी आहे, वाचनालये आहेत, बाजार आणि जत्रा आहेत. आग नाही. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्याच्या यादीत आग विझवण्यास ‘साहाय्य करणे’ असे एक काम आहे. साहाय्य कोणाला करायचे? मुख्य विझवणारा कोण, हे गृहीत धरून हे कलम लिहिले आहे आणि तो मुख्य कर्ता कलमात कुठेच नाही.

२०१४ नंतर राज्यातील पुष्कळ तालुक्यांच्या ठिकाणांना नगरपंचायती मिळाल्या. घोडेगाव ग्रामपंचायतच राहिले. शेजारच्या मंचरला अलीकडे नगरपंचायत झाली. जुन्नरला एकोणिसाव्या शतकापासून नगरपालिका आहे. २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याने स्वतःची अग्निशमन केंद्रे काढली. पण त्याच्या हद्दीत आंबेगाव आणि जुन्नर हे तालुके नाहीत. म्हणजे घोडेगावात तहसील कचेरी आहे, आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, त्याच्या अखत्यारीत डोंगरातल्या आश्रमशाळा आहेत, भीमाशंकरच्या यात्रेची पुष्कळ वाहने याच रस्त्याने जातात. पण कायद्याच्या नकाशावर हे गाव आगीच्या बाबतीत कोणाच्याच हद्दीत येत नाही.

नगरपालिका मिळाली असती तर सारे सुरळीत झाले असते, असा समज मात्र करून घेऊ नये. लहान नगरपरिषदेचा अग्निशमन विभाग म्हणजे काय, ते जवळून पाहण्यासारखे असते. ‘क’ वर्ग नगरपरिषद म्हणजे २५ ते ४० हजार वस्ती. एक बंब, फार तर दोन. विभागप्रमुख म्हणून प्रशिक्षित अधिकारी असेलच असे नाही. पुष्कळदा पाणीपुरवठ्याच्या किंवा आरोग्याच्या अभियंत्याकडे अतिरिक्त कार्यभार असतो. वर मुख्याधिकारी, त्याच्या वर निवडून आलेली सभा. तीन पाळ्यांना पुरतील इतके चालक आणि फायरमन हवेत. असतात त्यांतले काही रोजंदारीवर, काही सफाई विभागातून उसने. बंब मग रोपांना पाणी घालतो, मंत्री येण्यापूर्वी रस्ता धुतो, उन्हाळ्यात टँकर होतो. यात कोणी लबाडी करतो असे नाही. सभेपुढे अंदाजपत्रक येते तेव्हा वर्षभरात किती वर्द्या आल्या, असा प्रश्न विचारला जातो. वर्दी म्हणजे आगीची खबर. या खात्यातला हा शब्द मोठा नेटका आहे. वर्द्या कमी असतील तर इतका खर्च कशाला, आणि जास्त असतील तर खाते करते काय! ज्या खात्याचे यश म्हणजे काहीही न घडणे, त्याने सभेत उभे राहून काय दाखवायचे? गटाराचे काम दिसते, रस्त्याचे दिसते. न लागलेली आग कोणालाही दिसत नाही, आणि म्हणून नळीची भोके, गंजलेले सांधे, उतरलेली बॅटरी यांच्या नोंदी करणारा माणूस कार्यालयात सर्वांत रिकामा समजला जातो.

आता थोडा पाण्याचा हिशेब. लहान गावाच्या बंबात साधारणपणे साडेचार हजार लिटर पाणी असते. पंप पूर्ण ताकदीचा म्हणजे मिनिटाला सव्वादोन हजार लिटरचा असला तर टाकी दोन मिनिटांत रिकामी होते. प्रत्यक्षात एकच नळी जपून चालवतात आणि पाणी दहा-पंधरा मिनिटे पुरवतात. त्यापुढे बंब भरायला कुठे जायचे, हा प्रश्न आग लागण्याच्या आधी सुटलेला असावा लागतो. कोणत्या विहिरीपर्यंत गाडी पोहोचते, कोणाच्या शेततळ्यावर मोटर आहे, वीज गेली तर डिझेल पंप कोठे, याची वही असली पाहिजे. चांगल्या केंद्रप्रमुखाची ओळख त्याच्या शिडीवरून होत नाही, या वहीवरून होते. घोडेगावची गंमत अशी की काही किलोमीटरवर डिंभे धरणात बारा-तेरा टीएमसी पाणी आहे आणि त्याचे कालवे दूरच्या तालुक्यांपर्यंत जातात. पाण्याची वाण नाही. वाण आहे ती पाण्यापासून आगीपर्यंतच्या अंतराची जबाबदारी घेणाऱ्याची.

अंतराचेही मापदंड आहेत. ग्रामीण भागात २० मिनिटांत बंब पोहोचावा असे तज्ज्ञ समित्यांनी सुचवले. मंचर ते घोडेगाव पंधराएक किलोमीटर. ते कदाचित साधेल. पण घोडेगावच्या पश्चिमेला, डिंभ्याच्या पाणलोटाच्या वळणांवरून पुढे, तास-दीड तासाच्या अंतरावर वाड्यावस्त्या आणि आश्रमशाळा आहेत. पुण्याहून यायचे तर घोडेगावच सत्तर किलोमीटरहून लांब.

हे अंतर म्हणजे काय, ते एकदा साऱ्या देशाने पाहिले. ३० जुलै २०१४ च्या सकाळी याच तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. १५१ माणसे गेली. जगाला खबर मिळाली ती एका एस. टी. चालकाकडून; नेहमीच्या वळणावर नेहमीचे गाव दिसेना, म्हणून त्याने ती कळवली. त्यानंतर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या आल्या, यंत्रे आली, पावसात आणि चिखलात त्यांनी दिवसांमागून दिवस काम केले. त्यांच्या कामाबद्दल आदरच वाटतो. पण ती आग नव्हती, असे म्हणून हा प्रसंग बाजूला ठेवता येत नाही. अग्निशमन दल हे जगभर आगीचे दल राहिलेले नाही. पडलेली इमारत, विहिरीत पडलेला माणूस, अपघातात चेपलेली गाडी, पूर, दरड, सारे त्याच्याकडे येते. कारण रात्रंदिवस जागे असलेले, दोर आणि कटर जवळ असलेले गावातले ते एकमेव दल असते. तालुक्याच्या ठिकाणी असे दहा माणसांचे दल असते तर माळीणचा डोंगर थांबला नसता, हे खरेच. पहिल्या काही तासांत ढिगाऱ्यापाशी प्रशिक्षित माणसे असती, एवढाच फरक पडला असता, आणि ढिगाऱ्याच्या बाबतीत पहिले काही तास हेच सारे काही असतात.

राज्य सरकारने २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा केला, तो २००८ च्या डिसेंबरपासून लागू झाला. त्याचा रोख बांधकामांवर आहे : मालकाने यंत्रणा बसवायची, परवानाधारक संस्थेकडून तपासायची आणि वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, प्रमाणपत्र द्यायचे. हलवर्णच्या पत्राशी हे तत्त्व जुळते. आधी हिशेब, मग आग. पण ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षात दहा बालके दगावली तेव्हा कळले की, तपासणाऱ्याला सरकारी इमारतीच्या दारातून आत नेणारा कोणीतरी असावा लागतो. त्याआधी २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवी यात्रेत चेंगराचेंगरी झाली, दुकाने पेटली, गॅसच्या टाक्या फुटल्या आणि अडीचशेहून अधिक भाविक गेले. एक डोंगर, एक अरुंद वाट, दोन्ही बाजूंना पेटू शकणारी दुकाने. भीमाशंकरची पायऱ्यांची वाट ज्यांनी महाशिवरात्रीला पाहिली आहे, त्यांना वेगळे वर्णन करून सांगायला नको.

रुग्णवाहिकेचे उदाहरण येथे सहज आठवते. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा राज्याने चालवली. ती गाडी बोलावताना कोणी विचारत नाही की आपण नगरपालिकेत राहता की ग्रामपंचायतीत. हृदयविकाराला हद्द नाही हे राज्याने मान्य केले. आगीला मात्र अजून हद्द आहे. नगरपरिषदेचा बंब हद्दीबाहेर पाठवायचा तर शुल्क आकारण्याची पद्धत आहे आणि गाडी बाहेर असताना गावात आग लागली तर काय, ही केंद्रप्रमुखाची भीतीही खोटी नसते. एकुलता एक बंब दुसऱ्याच्या गावी पाठवण्याचा निर्णय फोनवर, अर्ध्या मिनिटात, तोही बहुधा रात्री घ्यावा लागतो, आणि तो चुकला तर दोन्ही गावे त्याला विचारतात.

तालुक्याच्या पूर्वेकडील बागायती पट्ट्यात उसाने एक वेगळी व्यवस्था जन्माला घातली. साखर कारखान्याला बगॅसच्या डोंगरांसाठी आणि स्पिरिटसाठी स्वतःचा बंब ठेवावा लागतो. उसाच्या फडावरून गेलेल्या विजेच्या तारांची ठिणगी पडली, पाचट पेटले, की शेतकरी पहिला फोन कारखान्यावर करतो, कारण जळका ऊस ताबडतोब तोडून गाळायला नेण्याचा प्रश्नही तिथेच सुटायचा असतो. अशा रीतीने सहकाराने, कोणत्याही अनुसूचीत नसताना, ग्रामीण महाराष्ट्राला बंब दिला. तो कारखान्याच्या सभासदांचा. पण आग पाहून सभासदत्व विचारल्याचे सहसा ऐकू येत नाही. अडचण निराळीच आहे. गाळपाचा हंगाम साधारण फाल्गुन-चैत्रात आटोपतो, हंगामी कामगार घरी जातात. गोठे, गंज्या आणि डोंगर पेटण्याचे दिवस त्यानंतरचे, चैत्र-वैशाखाचे असतात.